नियम पाळणारी भुते आणि बेशिस्त भुते

भयपट चांगला की वाईट हे ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यातले भूत नियम पाळते का? दिग्दर्शक कितीही नामवंत असो आणि निर्मात्याने कितीही पैसा ओतलेला असो, पडद्यावरची दुष्ट शक्ती वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, वाटेल ते करू शकत असेल, तर माझी भीती पहिल्या अर्ध्या तासातच ओसरते. काहीही घडू शकते म्हटल्यावर काय घडेल याची काळजी करण्यात अर्थ राहत नाही. याउलट भुताला काय जमते आणि काय जमत नाही हे एकदा कळले, की प्रेक्षक आपणहून पुढचा हिशेब मांडू लागतो आणि त्या हिशेबात स्वतःच अडकत जातो.

ही कसोटी मी समीक्षेच्या पुस्तकातून उचललेली नाही. निफाडकडच्या आमच्या आजोळी जी भुते सांगितली जात, ती सगळी मोठ्या शिस्तीची होती. मुंज्या पिंपळावरच राहणार, आणि तोही मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेल्या मुलाचाच होणार. चकवा रात्रीच लागणार, माणसाला एकाच शेताभोवती गोल गोल फिरवणार आणि उजाडले की मुकाट्याने सोडून देणार. आजीचा एक दंडक तर घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. "रात्री एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील." भुताला दुसरी हाक मारता येत नाही, एवढाच त्यातला नियम, पण पहिली हाक ऐकू आल्यापासून दुसरी येईपर्यंतचा जो वेळ असतो, तो ज्या दिग्दर्शकाला पडद्यावर ताणता येतो, त्याला भयपट जमला असे मी मानते.

नाशिककरांना या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर बस्तान नाशिकला हलवले आणि 1913 सालीच इथे 'मोहिनी भस्मासुर' तयार केला. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे सहलीला येणाऱ्यांपैकी किती जणांना हा दुसरा चित्रपट आठवत असेल, कोण जाणे. भस्मासुर हा नियमाने चालणाऱ्या राक्षसाचा अस्सल नमुना आहे. ज्याच्या मस्तकावर तो हात ठेवील तो भस्म होईल, हा एकच वर त्याच्यापाशी असतो, आणि मोहिनी त्याच वराचा फास करून त्याला नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावते. फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोगही करत, आणि त्यासाठी आडनावातली अक्षरे फिरवून त्यांनी 'प्रोफेसर केल्फा' हे नाव घेतले होते. जादूगार आधी रिकामे हात आणि रिकामी टोपी दाखवतो, आणि मगच त्यातून काही काढतो. रिकामी टोपी न दाखवताच एकामागून एक ससे काढत सुटणारे चित्रपट आज आपल्याकडे दर महिन्याला येतात. गुजरातेत फाळक्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशा समजुतीमुळे तो नीट चालला नाही, अशीही हकिकत आहे. भारतीय चित्रपटाच्या जनकाचे पोट एका अफवेने मारले आणि ती अफवा भीतीची होती, हे मला फार बोलके वाटते.

आता उत्तम चित्रपटांकडे वळते. पहिला मान 'तुंबाड'चाच. (ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.) राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 साली आला तेव्हा बेताचाच चालला, आणि 2024 साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. कथेचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेले आहे. म्हणजे भाषा हिंदी असली, तरी हा ऐवज आपल्याच घरचा आहे. यातला हस्तर सोने आणि धान्य या दोन्हींचा लोभी. सोने त्याने मिळवले, पण धान्यापर्यंत त्याचा हात पोहोचण्याआधीच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला चढवला, आणि आईने त्याला पोटात लपवून वाचवले. तेव्हापासून तो भुकेला आहे. पिठाची बाहुली समोर आली की तो तिच्यावर तुटून पडतो, पण पिठाचे रिंगण ओलांडू शकत नाही. हस्तर बाहुली खाण्यात गुंतला असेल तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून जमतील तेवढ्या मोहरा खेचायच्या आणि दोराने वर यायचे. एवढेच नियम, आणि ते लहान मुलालाही समजतील इतके सोपे.

चित्रपटाचा नायक विनायक हस्तरच्या आईच्या त्या लालसर, ओलसर गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखतो आणि कंदिलाच्या उजेडात बाहुली पुढे ठेवतो, ते दृश्य मी जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा माझे लक्ष हस्तरकडे जातच नाही. ते पिठाच्या रेषेकडे जाते. रेष कुठे तुटली तर नाही ना, पाय लागून पुसली तर जाणार नाही ना, हे मी विनायकाच्या बरोबरीने तपासत असते. नियम समजावून सांगितल्याचा हा लाभ आहे. पुढे विनायकाचा मुलगा पांडुरंग जेव्हा सुचवतो की एका मोहरेसाठी दर वेळी जीव धोक्यात घालण्यापेक्षा पुष्कळ बाहुल्या नेऊन लंगोटच पळवू, तेव्हा प्रेक्षकालाही ती युक्ती क्षणभर पटते. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. हे उत्तर त्या नियमातच दडलेले होते आणि ते आपल्याला सुचले नव्हते. पूर्वार्धातली ती साखळदंडाने बांधलेली आजी आणि हस्तरचे नाव घेताच झोपी जाणे, हेही त्याच शिस्तीतले. विनायकाचा शेवट तर विचारूच नका. त्याचा लोभ आणि हस्तरचा लोभ यांत फरक काय, हे कोणाच्याही भाषणाशिवाय कळते.

परदेशी चित्रपटांत या कसोटीला सर्वांत चोख उतरणारा म्हणजे हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' (1998). चित्रफीत पाहिली की सात दिवसांनी मरण, आणि सुटकेचा एकच उपाय: तिची प्रत काढून दुसऱ्या कोणाला दाखवायची. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून, शेजाऱ्याच्या व्हीसीआरला दुसरा व्हीसीआर जोडून तिची नक्कल करण्याचे उद्योग आमच्या पिढीने घरोघरी केलेले असल्यामुळे, या नियमाची धग आम्हांला जरा जास्तच लागली. शेवटी नायिका मुलाला वाचवण्यासाठी व्हीसीआर गाडीत टाकून स्वतःच्या वडिलांच्या घराकडे निघते. रक्ताचा थेंबही न दाखवता केलेला इतका क्रूर शेवट मी क्वचितच पाहिला आहे. त्यातल्या सादाको या भुताची ती अडखळती, सांधे निखळल्यासारखी चाल नटीला उलटे चालायला लावून आणि ते चित्रण उलटे फिरवून मिळवलेली आहे. संगणकाने शंभर हात-पाय फुटलेली भुते काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रामसे बंधूंची टिंगल करण्याची रीत आहे आणि मी त्यात सामील होणार नाही. 'पुराना मंदिर' (1984) पाहा. सामरी या सैतानाचे शीर आणि धड वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले आहे, शीर पेटीत बंद आहे, त्या राजघराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल असा शाप आहे, आणि शीर धडाला मिळाले की सामरी उठणार हे आपल्याला सुरुवातीलाच ठाऊक असते. ही पक्की, आजोळच्या भुतासारखी रचना आहे. सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांचा चेहरा आणि देह यांनी जे काम केले ते आजच्या कित्येक कोटींच्या तंत्रालाही जमलेले नाही. बिघडते ते भलतीकडेच: मधूनच 'शोले'च्या विडंबनाचे लांबलचक विनोदी प्रकरण सुरू होते आणि त्या पेटीची आठवणही राहत नाही. तुकड्या-तुकड्यांनी पाहायचा तर रामसेंचा चित्रपट आजही उत्तम, सलग पाहायचा तर सोशिकपणा हवा.

त्याच शिस्तीतला आपला तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (1993) विनोदी आहे हे मान्य. तरीही माझ्या वयाच्या किती तरी मुलांनी त्यानंतर घरातल्या बाहुल्या कपाटात तोंड फिरवून ठेवल्या, हेही तितकेच खरे. बाहुल्यात शिरलेल्या तात्याला माणसाच्या शरीरात परत यायचे असेल तर ज्याला त्याने आपले गुपित पहिल्यांदा सांगितले त्याच्याच शरीरात शिरता येते, आणि तो माणूस म्हणजे लक्ष्या. या एका अटीमुळे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या प्रत्येक विनोदामागे धोका उभा राहतो. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याचे डोळे फिरले की हसू अर्ध्यावर थांबायचे. कल्पना मूळ परदेशी चित्रपटावरून घेतलेली आहे, पण 'ओम फट् स्वाहा' ऐकून घाबरायला आम्हांला मूळ चित्रपट माहीत असण्याची गरज नव्हती.

मराठीतला माझा सर्वांत आवडता भयपट मात्र विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017) आहे, आणि त्याचे कारण ऊस. शहरातल्या प्रेक्षकाला उसाचे शेत म्हणजे हिरवेगार दृश्य वाटते. नाशिक जिल्ह्यात ज्याने उसातून वाट काढली आहे, त्याला ते तसे वाटत नाही. आत शिरल्यावर चार हातांपलीकडचे दिसत नाही, पाचटाच्या कडा हातावर बारीक चरे काढतात, वारा नसला तरी कुठेतरी सळसळ होत राहते, आणि ऊन डोक्यावर असताना दिशा कळत नाही. त्यातून बिबट्या उसातच राहतो आणि तिथेच पिल्ले घालतो, हे आमच्याकडे तोडणीच्या दिवसांत कोणालाही सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी गरोदर बाईला मुलांच्या आवाजात लपाछपी खेळायला लावणे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. खेळ म्हटला की राज्य कोणावर, किती मोजायचे, कुठवर लपायचे हे आलेच, म्हणजे नियम आपसूक आले. पूजा सावंत यांनी ती दमछाक जिवंत केली आहे, आणि उषा नाईक यांची तुळसाबाई आधी मायाळू वाटून नंतर जी बदलत जाते, ती भुतांपेक्षा भयंकर आहे. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय शेवटाकडे जरा जास्तच समजावून सांगितला जातो. उसाने जे सांगितले होते ते शब्दांत पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. फुरिया यांनीच 2021 साली याचा 'छोरी' हा हिंदी अवतार काढला. तो अधिक चकचकीत आहे, पण मला मूळ चित्रपटातला उकाडा त्यात सापडला नाही.

राम गोपाल वर्मांविषयी लिहायचे तर एकाच माणसाच्या दोन माणसांविषयी लिहावे लागते. 'रात' (1992) मध्ये गाडीखाली सापडून मेलेले मांजराचे पिल्लू घरातल्या लहान मुलाच्या हातात पुन्हा दिसते, एवढ्याशा गोष्टीने ते घर राहण्यालायक उरत नाही. 'भूत' (2003) मध्ये त्यांनी गाणी काढून टाकली, हवेली काढून टाकली आणि मुंबईतल्या उंच इमारतीतली लिफ्ट, पहारेकरी आणि रात्री उशिरा चालू असलेला टीव्ही एवढ्यावर भागवले. ऊर्मिला मातोंडकर यांचे त्यातले काम आजही पाहावे. त्यानंतर मात्र कॅमेरा टेबलाखाली, भांड्याआड, कुठेही ठेवला की भीती निर्माण होते असा त्यांचा समज झाला असावा. 'फूंक'च्या वेळी चित्रपटगृहात एकट्याने बसून तो पाहून दाखवणाऱ्याला पाच लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. असे आव्हान जाहिरातीत द्यावे लागते, यातच सगळे आले.

आता वाईट चित्रपट. माझ्या यादीत सर्वांत वर 'द नन' (2018) आहे. यातल्या सैतानाला माणसाला जिवंत गाडता येते, भास निर्माण करता येतात, हवे ते रूप घेता येते, भिंतीतून आणि पाण्यातून येता येते. मग तो समोर उभ्या असलेल्या तिघांना पहिल्याच रात्री संपवत का नाही? चित्रपट दीड तासाचा व्हावा, याखेरीज दुसरे कारण मला सापडले नाही. वाईट वाटते ते अशासाठी की याच मालिकेतला पहिला 'द कॉन्ज्युरिंग' (2013) निम्म्यापर्यंत अप्रतिम आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून टाळीच्या आवाजाने शोधायचा खेळ आधी नीट दाखवला जातो, आणि मग कपाटातून दोन हात बाहेर येऊन टाळी वाजवतात. नियम, मग नियमात बसणारी फसवणूक. त्याचे दिग्दर्शक जेम्स वान यांना हे पुरेपूर कळते. त्या यशावर नंतर ज्यांनी दुकाने मांडली त्यांना फक्त टाळीचा आवाज कळला.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. 'सायको' (1960) मध्ये संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर जे साधले, त्याच्या उलट टोकाला आजचा दणका आहे: पाच सेकंद शांतता, नायिका फ्रीजचे दार लावते, आणि कानठळ्या बसवणारा आवाज करून मागे कोण, तर नवरा! यात माणूस दचकतो, हे खरे. पण डब्याचे झाकण पडले तरी तो दचकतोच, त्याचे श्रेय कोणी झाकणाला देत नाही. आमच्याकडच्या एका चित्रपटगृहात तर आवाज इतका वाढवतात की भुताचे म्हणणे ऐकूच येत नाही.

हिंदीत विक्रम भट यांच्या वळणाचे जे चित्रपट निघाले त्यांत 'हॉन्टेड' (2011) मला विशेष खटकला, कारण कथा अडली की नायकाला सरळ गतकाळात पाठवून दिले आहे. 'राज' (2002) ची गाणी चांगली होती; ती मी अजूनही ऐकते आणि चित्रपट पुन्हा पाहत नाही. भय आणि विनोद यांच्या मिश्रणाला माझा मुळीच विरोध नाही. 'स्त्री' (2018) मध्ये भिंतीवर 'उद्या ये' अशा अर्थाची ओळ लिहिली की यातली भुतीण ती वाचून परत जाते, म्हणजे ती लिहिता-वाचता येणारी, शब्दाला जागणारी आहे. केवढी सुंदर कल्पना! 'स्त्री 2' (2024) मध्ये जो तो इतका शक्तिमान झाला, की कोण कोणाला का घाबरतो आहे हेच मला कळेना. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'त (2024) कोकणातला किनारा आणि झाडाचे बंधन येते तोवर आजीच्या गोष्टीतले भूत पडद्यावर आल्याचा आनंद झाला, पण पुढे संगणकाने काढलेला तो मुंज्या इतका वेळ समोर वावरतो की त्याची सवयच होऊन जाते.

माझ्या कसोटीला एक मोठा अडथळा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'द शायनिंग' (1980) सर्वत्र श्रेष्ठ मानला जातो आणि त्यातल्या हॉटेलचे नियम कोणालाही सांगता येत नाहीत. माझे स्पष्ट मत असे, की तो श्रेष्ठ चित्रपट आहे आणि मला त्याची भीती वाटत नाही. ते गालिचे, ते लांबलचक रस्ते, ती तीनचाकी सायकल लाकडावरून गालिच्यावर जाताना बदलणारा आवाज, सगळे डोळ्यांपुढे आहे; पण दिवा मालवताना त्यातले काहीच आठवत नाही. 'हेरेडिटरी'चे (2018) तसे नाही. त्यातले नियम पहिल्यांदा पाहताना कळत नाहीत; दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की ते पहिल्या दृश्यापासून आपल्या समोरच मांडलेले होते. त्यातल्या मुलीची जिभेने टक् असा आवाज काढण्याची सवय आठवा. मुलगी नसताना तो आवाज येतो, तेव्हा पडद्यावर काहीही दाखवावे लागत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) सुद्धा ज्या धर्मविधीवर उभा आहे त्याला कडक नियम आहेत, आणि त्या खोलीची थंडी तर खरीच आहे: नटांच्या तोंडातून वाफ दिसावी म्हणून तो सेट यंत्रांनी गोठवला होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळवणारा तो पहिला भयपट; तोवर या प्रकाराला कोणी पंक्तीलाही बसवत नव्हते.

अलीकडे ज्या चित्रपटाने मला हेवा वाटायला लावला तो मल्याळम 'ब्रमयुगम' (2024). राहुल सदाशिवन यांनी तो संपूर्ण कृष्णधवल रंगांत काढला. एक पडका वाडा, त्यात तीन माणसे, आणि त्यांपैकी एक मम्मुटी. पाहुणा यजमानाशी सोंगट्या खेळायला बसतो, पणाला लावायला जवळ काही नसते, म्हणून स्वतःचा वेळ लावतो आणि हरतो. आता तो घराबाहेर पडू शकत नाही. इतका साधा नियम आणि इतकी मोठी शिक्षा!

हे पाहताना माझ्या मनात जुन्या नाशिकातले वाडे येत होते. अंधारे माजघर, दिवसा दिवा लावावा लागणारा जिना, भिंतीतले कोनाडे, चौकातली विहीर. चित्रपटाला लागणारे सगळे साहित्य इथे पडून आहे, आणि एकामागून एक वाडा उतरवून तिथे इमारती उभ्या राहत आहेत. धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या कितीतरी कथा अशा आहेत की ज्यांना एक घर, चार माणसे आणि एक अट याहून अधिक काही लागत नाही. 'तुंबाड'ची पुन्हा प्रदर्शनातली कमाई पाहून एखाद्या मराठी निर्मात्याने हिशेब मांडला असेल, तर त्याला माझी सूचना एवढीच आहे: संगणकावरचा खर्च निम्मा करा, त्या पैशांत पावसाळाभर एखादा वाडा भाड्याने घ्या, आणि चित्रीकरणाच्या आधी त्या भुताला काय काय करता येत नाही याची यादी लेखकाकडून लिहून घ्या.